अमेरिकेतली विद्यापीठं कोर्टात जिंकतायत, मग तडजोडी का करतायत?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. लेक मॅसॅच्युसेट्समध्ये पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बायोलॉजी. गेलं वर्षभर आमच्याकडे सकाळी पेपर उघडायच्या आधी बोस्टनच्या कोर्टात काय झालं ते बघितलं जातं. दर वेळी तेच. वॉशिंग्टनहून एखादं पत्र नाहीतर आदेश निघतो, चार-आठ दिवसांत विद्यापीठं कोर्टात जातात, जज स्थगिती देतात, लेक फोनवर सांगते "बाबा, सुटलो", आणि जरा हुश्श म्हणावं तर पुढचं काहीतरी येऊन पडतं.
मला दोन गोष्टी कळत नाहीत. एवढं ताकदवान सरकार कोर्टात सारखं हरतं कसं? आणि हरतं तर मग कोलंबियासारखी विद्यापीठं कोट्यवधी डॉलर मोजून तडजोड का करतात? जाणकारांनी प्लीज सांगा. ट्रम्प चांगला की वाईट यावर आधीच बरेच धागे आहेत, तिकडे जाऊन भांडा.

चहाबाज
शेवटचं वाक्य वाचून धागा शंभरी गाठणार याची खात्री पटली. बसलोय.

कोर्टकचेरी
न्यू जर्सीत वकिली करतो, पण इमिग्रेशन माझं क्षेत्र नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नका.
मुळात अमेरिकेत आपल्या यूजीसीसारखं सगळ्या विद्यापीठांच्या डोक्यावर बसलेलं काही नाही. फेडरल सरकारच्या हातात नाड्या दोनच, पैसा आणि व्हिसा. पैसा म्हणजे संशोधनाच्या ग्रँट्स आणि विद्यार्थ्यांची कर्जं. आणि परदेशी विद्यार्थी घ्यायचे तर होमलँड सिक्युरिटी खात्याची मान्यता लागते, ती दुसरी नाडी. हार्वर्डच्या दोन्ही ओढून झाल्या. ११ एप्रिल २०२५ला मागण्यांचं पत्र आलं, १४ला हार्वर्डनं नाही म्हटलं, त्याच संध्याकाळी २.२ अब्ज डॉलरच्या ग्रँट्स गोठवल्या. २२ मेला परदेशी विद्यार्थी घ्यायची मान्यताच काढली, दुसऱ्याच दिवशी कोर्टानं ती थांबवली.
आता हरतात का. १९४६चा एक कायदा आहे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसीजर अ‍ॅक्ट. खात्याला नियम बदलायचा तर आधी मसुदा छापा, हरकती-सूचना मागवा, त्यांना उत्तरं द्या, मग नियम करा. निर्णय घेतलात तर कारण द्या, लहर चालणार नाही. भेदभावाच्या कारणावरून पैसे तोडायचे तर १९६४च्या कायद्याची वेगळी पायरी आहे, नोटीस, सुनावणी, काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, लेखी अहवाल, वर ३० दिवस थांबायचं. हार्वर्डच्या बाबतीत यातलं काहीच केलं नव्हतं. ३ सप्टेंबरला बोस्टनच्या फेडरल कोर्टातल्या जज बरोज यांनी ग्रँट तोडणं बेकायदा ठरवलं, त्यात हा मुद्दा होता आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाही. सरकार अपिलात गेलंय.
थोडक्यात काय, घाई नडते.

तिरकसराव
एक बाजू ऐकून झाली, आता दुसरी.
पैसा करदात्याचा. देणारा अटी घालणार. अटी नको असतील तर घेऊ नका, मिशिगनमधलं हिल्सडेल कॉलेज फेडरल पैसा घेतच नाही, चाललंय ना मजेत? आणि ही पत्रं पाठवून राज्य करायची पद्धत काही ट्रम्पनं शोधलेली नाही. २०११ला ओबामांच्या शिक्षण खात्यानं "डिअर कलीग" म्हणून एक पत्र काढलं, लैंगिक छळाच्या चौकशीत पुराव्याची पातळी काय ठेवायची ते त्यात सांगून टाकलं. हरकती नाहीत, सूचना नाहीत, काही नाही. तेव्हा सगळी विद्यापीठं निमूटपणे मान डोलावून मोकळी झाली. तेव्हा हा १९४६चा कायदा कुठे झोपला होता?
आणि त्या बरोजबाई. २०१९ला हार्वर्डची वंशाधारित प्रवेशपद्धत बरोबर ठरवली ती यांनीच, २०२३ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल उलटवला. वकीलसाहेबांनी हेही लिहायला हवं होतं.

पिपेट
तिरकसराव, २०११च्या पत्राबद्दल तुमचं बरोबर आहे. पण "अटी नको तर पैसे घेऊ नका" हे हिल्सडेलला ठीक, तिथे कॅन्सरवर संशोधन होत नाही.
मी पोस्टडॉक आहे, मेरीलँडमध्ये, तेव्हा ग्रँटच्या पैशाचं जरा उलगडून सांगते, कारण यावर फेसबुकवर वाट्टेल ते चालू असतं. एनआयएच, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था, ग्रँट देते त्यात दोन भाग असतात. एक थेट खर्च, म्हणजे आमचे पगार, केमिकल्स, उंदीर. दुसरा इनडायरेक्ट, म्हणजे बिल्डिंग, वीज, उणे ऐंशीचे फ्रीझर, प्राणिगृहाचे व्हेट, रेडिओअ‍ॅक्टिव्ह कचरा नेणारी माणसं. सोसायटीचा मेंटेनन्स समजा. एखाद्या विद्यापीठाचा दर ६० टक्के असेल तर लोकांना वाटतं शंभरातले साठ विद्यापीठ खातं. तसं नाहीये. शंभर थेट खर्चावर साठ, म्हणजे एकूण १६० मधले ६०, तेही थेट खर्चातल्या काही बाबी वगळून.
७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. संध्याकाळी एनआयएचची नोटीस आली की सोमवारपासून सगळ्यांना सरसकट १५ टक्के, चालू ग्रँट्सनासुद्धा. आमचे पीआय, म्हणजे लॅबचे प्रमुख, शनिवारी लॅबमध्ये आले आणि व्हाइटबोर्डवर आकडेमोड करत बसले, कुठला फ्रीझर बंद करायचा, कोणाच्या उंदरांचं ब्रीडिंग थांबवायचं. खरंच यादी केली होती. माझ्या सेल लाइन्स तिसऱ्या नंबरवर होत्या. सोमवारी २२ राज्यं कोर्टात गेली, त्याच दिवशी स्थगिती आली, एप्रिलमध्ये कायमचा मनाई हुकूम. ती यादी फोटो काढून ठेवलीय मी, बोर्ड पुसला तरी.
जिंकलो का? हो. पण त्यानंतर आमच्या विभागानं नवीन पीएचडी विद्यार्थी कमी घेतले, रिकामी झालेली पदं भरली नाहीत. कोर्ट नोटीस रद्द करू शकतं, पण विभागाच्या मनातली भीती कोण काढणार.

कोर्टकचेरी
पिपेट, उत्तम. एक पुस्ती जोडतो. ही केस इतकी सरळ का होती, तर ट्रम्पच्या पहिल्या कारकिर्दीत २०१७ला हाच दर १० टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव आला होता. काँग्रेसला तो पटला नाही आणि २०१८पासून दर वर्षीच्या खर्चाच्या कायद्यात एक कलम घातलं की एनआयएचनं हे दर ठरवायची पद्धत बदलायची नाही. म्हणजे कायद्यात लिहिलेलंच होतं, करू नका. तरी केलं.
तिरकसराव, २०१९च्या निकालाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि लोक बोस्टनच्याच कोर्टात का जातात हा आरोपही होतो. पण रिपब्लिकन राज्यं बायडनच्या विरोधात टेक्सासला धावत होती. सगळे आपापल्या सोयीचं कोर्ट शोधतात.

अनघा_के
पत्रांचा विषय निघालाच आहे तर आमच्या कॉलेजची कथा ऐका, यात ट्रम्प-बायडन दोघंही आहेत.
पेनसिल्व्हेनियात एका लहान कॉलेजात शिकवते. टायटल नाइन म्हणून १९७२चा कायदा आहे, शिक्षणात लिंगभेद नको एवढंच त्याचं म्हणणं. पण तक्रार आली तर चौकशी कशी करायची याचे नियम शिक्षण खातं करतं. २०२०ला नवे नियम आले, प्रत्यक्ष सुनावणी घ्या, उलटतपासणी होऊ द्या. आम्ही कमिट्या नेमल्या, ट्रेनिंग घेतलं, झूमवर उलटतपासणी कशी करायची याचेही वर्ग झाले. मग २०२४ला बायडनचे नियम, १ ऑगस्टपासून लागू, सगळं पुन्हा लिहा. तोवर २६ राज्यं कोर्टात जाऊन स्थगिती घेऊन आली. पेनसिल्व्हेनिया त्यात नव्हतं, म्हणजे आम्हाला नवे नियम लागू, बरोबर? नाही! कॅन्ससच्या एका जजनं असं ठरवलं की काही ठराविक संघटनांचे सदस्य किंवा त्यांची मुलं ज्या शाळा-कॉलेजात असतील तिथेही नवे नियम लागू नाहीत. मग त्या संघटनांनी कॉलेजांच्या याद्या कोर्टात दिल्या. जुलै-ऑगस्टमध्ये आमचे डीन रोज ती यादी उघडून आपलं नाव आलंय का बघायचे. शेजारच्या कॉलेजला २०२०चे नियम, आम्हाला २०२४चे, मधे एक नदी फक्त.
आणि ९ जानेवारी २०२५ला केंटकीच्या जजनं २०२४चे नियम देशभरासाठी रद्दच केले. परत २०२०. आता कोणा विद्यार्थ्याची तक्रार नोव्हेंबर २०२४ची असेल तर तिची चौकशी कुठल्या नियमानं? आमच्याकडे अशी एक होती. जास्त लिहीत नाही, पण दोन्ही बाजूंच्या पालकांनी वकील आणले होते आणि दोघांनी कॉलेजलाच धारेवर धरलं.

चहाबाज
तो डीन आपल्याकडे बारावीचा निकाल बघितल्यासारखा यादीत नाव बघतोय हे चित्र डोळ्यासमोर आलं.

तिरकसराव
अनघाताई, हेच म्हणतोय मी. दोन्हीकडून होतं. मान्य केल्याबद्दल धन्यवाद.

अनघा_के
मान्य आहेच. फक्त २०२४चे नियम हरकती-सूचना मागवूनच झाले होते, तरी पडले. त्यामुळे प्रक्रिया पाळली की कोर्टात टिकतंच असंही नाही हो.

रानमेवा
अवांतर वाटेल पण नाहीये. जुलै २०२० आठवा. करोनात अमेरिकेच्या आइस, म्हणजे इमिग्रेशनचे नियम राबवणाऱ्या, खात्यानं सांगितलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत त्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडा. तारीख ६ जुलै. हार्वर्ड आणि एमआयटी ८ला कोर्टात गेले, १४ला सरकारनं आदेश मागे घेतला. जज याच बरोज.
आता आपलं बघा. त्याच ६ जुलै २०२०ला यूजीसीनं पत्र काढलं की शेवटच्या वर्षाच्या परीक्षा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याच. महाराष्ट्र सरकार आधीच नाही म्हणून बसलेलं. मी तेव्हा मुंबईत एमकॉमच्या शेवटच्या सेमिस्टरला होते, परीक्षा आहे का नाही हे रोज संध्याकाळी टीव्हीवर मंत्री काय बोलले त्यावरून ठरायचं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २८ ऑगस्टला निकाल, परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, फार तर राज्यानं मुदतवाढ मागावी. आमच्याकडे केंद्र जिंकलं आणि आम्ही घरात बसून मोबाइलवर एमसीक्यू टिकमार्क करून एमकॉम झालो.

कोर्टकचेरी
सुंदर जोडी शोधलीत. आपल्याकडे उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं घटनेनंच केंद्राकडे दिलंय, म्हणून यूजीसीचं पत्र टिकलं. अमेरिकेच्या घटनेत शिक्षण हा शब्दही नाही.

मिडवेस्टची_माई
उशिरा आले. मी एका सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात काम करते, मुलं आम्हाला डीएसओ म्हणतात. गोदाकाठ काका, तुमच्या लेकीचा आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठीचा विद्यापीठाचा दाखला, ज्यांच्या सहीनं निघतो ना, त्या आम्ही.
एप्रिल २०२५ मात्र विसरता येत नाही. सेविस म्हणजे सरकारची विद्यार्थ्यांची नोंद ठेवायची सिस्टिम, त्यात एखाद्याची नोंद बंद करायची तर एरवी बहुतेक वेळा ते काम आम्हीच करतो, कोर्स सोडला, क्रेडिट कमी पडले अशा कारणानं. एके सकाळी लॉगिन केलं तर एका मुलाची नोंद आपोआप बंद. आम्हाला ईमेल नाही, त्याला पत्र नाही. कारणाच्या रकान्यात एवढंच की गुन्ह्यांच्या तपासणीत नाव आलं किंवा व्हिसा रद्द झाला. मुलाला बोलावलं, तो पीएचडी संपवायला आलेला, बिचारा आठवून आठवून सांगतोय की दोन वर्षांपूर्वी स्पीडिंगचं तिकीट मिळालं होतं, दंड भरला होता. दुसऱ्या दिवशी अजून दोघं. मग आमचं ठरलं, कॉफीच्या आधी अख्खी यादी तपासायची, वरपासून खालपर्यंत. आडनाव वाचताना पोटात गोळा यायचा.
देशभरात हजारो मुलांचं असं झालं. शंभरावर केसेस पडल्या, बऱ्याचशा मुलांनी स्वतःच लावलेल्या, आणि जज लोकांनी सरकारी वकिलांना विचारलं की हा मुलगा आज इथे कायदेशीर आहे की नाही, तर त्यांना धड उत्तर देता येईना. शेवटी २५ एप्रिलला सरकारनं सांगितलं की नोंदी परत चालू करतो.
पण इथेच मेख आहे. नोंद परत आली तरी ज्यांच्या पासपोर्टवरचा व्हिसाही रद्द झाला होता तो काही परत आला नाही. देशात राहून शिकायला हरकत नाही, बाहेर पाऊल टाकलं की नवा व्हिसा काढा, मुलाखत द्या. आमचा तो मुलगा जिंकला आणि वडील आजारी असताना घरी जाऊ शकला नाही.

गोदाकाठ
माई, वाचून सुन्न झालो. लेकीला हे विचारलं तर म्हणाली "तुम्हाला मुद्दाम नव्हतं सांगितलं". आता माझा खरा प्रश्न विचारतो. पुतण्याचं लग्न आहे नाशिकला, तिला यायचंय. यावं का?

जुनाजाणता
त्याआधी एक जुनी गोष्ट, कारण सगळे त्या १९४६च्या कायद्याचे पोवाडे गातायत.
२००८ला बुशच्या काळात स्टेमवाल्यांचं (विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांचं) ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे नोकरी करायची मुभा, १७ महिन्यांनी वाढवलं, घाईघाईत, हरकती-सूचना न मागवता. तेव्हा आम्ही सगळे खूश. ऑगस्ट २०१५ला वॉशिंग्टनच्या जजनं हाच कायदा दाखवून तो नियम रद्द ठरवला. मी तेव्हा त्याच एक्स्टेन्शनवर होतो, नोकरी चालू, गाडीचे हप्ते चालू. जजनं नवा नियम करायला मुदत दिली म्हणून वाचलो. सरकारनं या वेळी मसुदा छापला, पन्नास हजारांवर लोकांनी मतं पाठवली, त्यातलं एक माझंही, आणि मे २०१६पासून २४ महिने झाले. त्यावरही केस झाली, २०२३ला सुप्रीम कोर्टानं ऐकायलाच नकार दिला. रीतीनं केलेलं टिकलं.
पण ही तलवार दुधारी आहे हे लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२५ला सरकारनं रीतसर मसुदा छापलाय, विद्यार्थ्यांना शिक्षण संपेपर्यंत राहायची मुभा काढून जास्तीत जास्त चार वर्षांची मुदत द्यायची. पीएचडी चार वर्षांत कोणाची होते? या वेळी हरकती मागवल्यात. म्हणजे घाईचा मुद्दा कोर्टात चालणार नाही.

पिपेट
चार वर्षांत पीएचडी? आमच्याकडे चौथ्या वर्षी प्रोजेक्ट बदलतात.

तिरकसराव
आणि एचवनबी या नोकरीच्या व्हिसावर सरकारनं लावलेल्या एक लाख डॉलरच्या फीचं काय? तिथे तर अमेरिकन विद्यापीठांची संघटना चेंबर ऑफ कॉमर्सच्या खांद्याला खांदा लावून कोर्टात गेली आणि २३ डिसेंबरला हरली. जज बेरिल हॉवेल, ओबामांनी नेमलेल्या. म्हणजे सगळं राजकारण नसतं, हेही मान्य करा.

कोर्टकचेरी
मान्य. परदेशी व्यक्तींचा प्रवेश रोखायचा अधिकार काँग्रेसनंच राष्ट्राध्यक्षांना फार सढळ हातानं दिलाय, त्यावर तो निकाल आहे. विद्यापीठांना या व्हिसाची लॉटरी नाही म्हणून ती निवांत असायची, आता बाहेरून नवा प्राध्यापक आणायचा तर लाख डॉलर. लहान कॉलेजं जाहिरातीतच लिहायला लागलीयत की स्पॉन्सर करणार नाही.
गोदाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नातला तडजोडीचा भाग राहिला. दोन निकाल महत्त्वाचे. २७ जून २०२५ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जिल्हा जजनं सरसकट देशभर मनाई करू नये, जो दारात आला त्याला दिलासा द्या. खात्याचा नियमच रद्द करायचा मार्ग अजून उघडा आहे, पण एकंदरीत तुमचं विद्यापीठ किंवा राज्य केसमध्ये आहे का नाही याला आता फार किंमत आली. दुसरा २१ ऑगस्टचा, ५ विरुद्ध ४. एनआयएचचं धोरण बेकायदा आहे का ते जिल्हा कोर्टात ठरवा, पण तोडलेल्या ग्रँटचे पैसे मागायचे तर फेडरल क्लेम्सच्या, म्हणजे सरकारकडून पैसे मागणारे दावे ऐकणाऱ्या, वेगळ्या कोर्टात जा. म्हणजे एकाच भांडणासाठी दोन कोर्टं, दोन वकील, आणि वर्षं किती ते विचारू नका.
तोवर लॅब चालवायची कशी? कोलंबियाच्या ४० कोटी डॉलरच्या ग्रँट्स मार्चमध्ये थांबवल्या, जुलैमध्ये त्यांनी २० कोटी तीन वर्षांत आणि वर २.१ कोटी द्यायचं कबूल केलं. ब्राऊननं सरकारला न देता ऱ्होड आयलंडमधल्या रोजगार प्रशिक्षणाला दहा वर्षांत ५ कोटी देऊ केले. माझ्या मते कोलंबियानं घाई केली, हार्वर्डच्या निकालापर्यंत थांबायला हवं होतं. पण हार्वर्डच्या तिजोरीत ५० अब्जांवर आहेत, त्यांना थांबणं परवडतं.

पिपेट
असहमत. माझी मैत्रीण कोलंबियात आहे. तिचे पेशंट क्लिनिकल ट्रायलमध्ये होते, त्यांना काय सांगणार, सप्टेंबरपर्यंत थांबा?

चहाबाज
आंबेडकरांनी १९१३ला प्रवेश घेतला ते बरं केलं.

मिडवेस्टची_माई
काका, लग्नाचं. तिचा व्हिसा स्टिकर चालू आहे का, पुढे किती वर्षं आहे ते बघा. आय-ट्वेंटीवर प्रवासाची सही एक वर्षाच्या आतली हवी. तिच्या डीएसओला तारखा आधी कळवायला सांगा, परतताना विमानतळावर काही अडलं तर फोन उचलणारं कोणी हवं. कुठली अटक, तिकीट, जुनी केस असेल, मिटलेली असली तरी, वकिलाला विचारल्याशिवाय निघू नये. स्टिकर संपला असेल तर मी नको म्हणेन, मुलाखतीतून सूट आता जवळजवळ बंद झालीय, मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही.

गोदाकाठ
स्टिकर २०२९पर्यंत आहे. तिकीटबिकीट काही नाही, गाडीच नाही तिच्याकडे. सहीसाठी उद्याच अर्ज करते म्हणाली.

जुनाजाणता
मग येऊ द्या. लॅपटॉपमधला डेटा आणि थीसिसची कॉपी तिकडे ठेवून ये म्हणावं.

वाटसरू_कोल्हापूर
सगळा धागा वाचला, वाचनखूण साठवली. माझ्या भाचीला तिकडे लॉला प्रवेश मिळालाय, ती तिथलीच नागरिक आहे. जुलै २०२६पासून ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाचं फेडरल कर्ज, बंद होणार म्हणतात, मग फी कशी भरायची? यावरही कोणी कोर्टात गेलंय का?

कोर्टकचेरी
ते काँग्रेसनं कायदा करून बंद केलंय, खात्यानं पत्र काढून नाही. त्यामुळे वर चर्चा केलेले मुद्दे तिथे लागू होत नाहीत. लॉसारख्या कोर्सला वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलरपर्यंत दुसरं फेडरल कर्ज मिळेल, त्यावरचं खासगी बँकेकडून. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.